पाण्याच्या यशोगाथेत ऊस का दिसत नाही?

पहिल्या दृश्यात भेगाळलेली जमीन. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणारी बाई. मग पडद्यावर अक्षरं येतात : 'आणि एक दिवस गावानं ठरवलं.' टिकाव, घमेली, हातोहात दगड पुढे सरकवणाऱ्या माणसांची लांब रांग, त्यात कुदळ धरलेली एक आजी. मग पाऊस. मग ड्रोन वर जातो आणि खाली डोंगरउतारावरचे भरलेले चर, बंधाऱ्यावरून सांडणारं पाणी, हिरवंगार शिवार. शेवटी सरपंच दोन वाक्यं बोलतात. हे रील तुम्ही पाहिलेलं आहे. गावाचं नाव बदलून बहुतेक अनेकदा पाहिलेलं आहे. मीही पाहते, आणि पहिल्या पावसात चर भरताना दिसले की माझाही घसा दाटतो. हे आधीच सांगते, कारण पुढे या प्रकाराविषयी मी बरंच कडवट लिहिणार आहे, आणि ते शहरात बसून नाकं मुरडणं आहे असं कुणाला वाटू नये.

यशोगाथा हा आज मराठीतला बहुधा सर्वांत जास्त वाचला जाणारा ग्रामीण गद्यप्रकार आहे. वर्तमानपत्राच्या शेतीपुरवणीतलं अर्धं पान, कृषी विभागाची चकचकीत पुस्तिका, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समधली चौकट, आणि आता फोनवरचं रील. कादंबऱ्या वाचणाऱ्यांपेक्षा या गोष्टी वाचणारे कितीतरी जास्त. पण ग्रामीण साहित्यावरच्या चर्चासत्रात हिचं नाव निघत नाही. समीक्षक तिला बातमी समजून सोडून देतात, पत्रकार तिला 'पॉझिटिव्ह स्टोरी' म्हणून पानाच्या तळाला लावतात. माझ्या मते ती साहित्य म्हणून वाचायला हवी. म्हणजे गोष्टीत नायक कोण, खलनायक कोण, गोष्ट कुठे सुरू होते, नेमकी कुठे थांबवली जाते आणि तिच्यातून काय गळतं, हे विचारायला हवं. कारण गावातल्या वीस वर्षांच्या मुलाला पाणी म्हणजे काय हे आज भूगोलाच्या पुस्तकापेक्षा हीच गोष्ट जास्त शिकवते.

वाचायला मी एकच जिल्हा घेते : अहमदनगर, आता अहिल्यानगर. (बोलताना लोक अजून 'नगर'च म्हणतात, मीही तेच म्हणेन.) क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्री, कळसूबाई, धो धो पाऊस. तिथून पूर्वेला सरकलं की पर्जन्यछाया, आणि पारनेर, नगर, पाथर्डीकडे पावसाचे आकडे पार खाली येतात. अकोल्यातल्या भंडारदऱ्याचं धरण १९२६ सालचं. त्याच्या पाटपाण्यावर प्रवरेच्या खालच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला, आणि त्याच पट्ट्यात, लोणीजवळ, १९५०मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आणि याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आहे, हिवरे बाजार आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या पाण्याच्या दोन सर्वांत गाजलेल्या यशोगाथा आणि महाराष्ट्रातल्या उसाची एक मोठी पेठ, दोन्ही एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत. यशोगाथेत मात्र ही दोन्ही कधी एकत्र येत नाहीत. तिच्यात ऊस दिसतच नाही.

यशोगाथेची क्रियापदं काढून बघा. खोदलं, बांधलं, अडवलं, जिरवलं, लावलं, वाढलं, पिकवलं. सगळी भर घालणारी. आपल्या सर्वांत प्रसिद्ध घोषणेतही दोनच क्रियापदं आहेत : पाणी अडवा, पाणी जिरवा. घोषणा म्हणून ती फार चांगली आहे. लय आहे, आज्ञार्थ आहे, भिंतीवर रंगवायला सोपी आहे. पण गोष्ट म्हणून ती अर्धवट आहे. जिरवलेलं पाणी जमिनीत राहायला जात नाही. ते कुणीतरी उपसणार असतं. कोण उपसणार, किती, कशासाठी, हे तिसरं क्रियापद घोषणेत नाही. यशोगाथा घोषणेच्याच वळणानं चालते, त्यामुळे तीही 'जिरवा'पाशी थांबते. पाऊस पडला, चर भरले, ड्रोन वर गेला, संपलं. खरं तर संघर्ष तिथून सुरू होतो. मोटारी सुरू होतात त्या दिवसापासून.

आता हिवरे बाजारची गोष्ट या नजरेनं वाचू. नगर शहरापासून जवळ, सुमारे ९७६ हेक्टरचं गाव, वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस. पोपटराव पवार नव्वदच्या दशकाच्या तोंडावर सरपंच झाले, १९९४मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं, पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. छापील आणि डिजिटल यशोगाथांमध्ये या गावाविषयी काय असतं? डोंगरावरचे सलग समतल चर, माती नालाबांध, लाखो झाडं, दुधाचे वाढलेले लिटर, परत आलेली कुटुंबं आणि गावात लखपती किती याचा आकडा. हा शेवटचा आकडा तर मथळ्यातच असतो. यातलं काही खोटं नाही.

पण गावानं स्वतःसाठी केलेले नियम वाचा. कुऱ्हाडबंदी. चराईबंदी. शेतीला पाणी देण्यासाठी बोअर घ्यायला बंदी. ऊस आणि केळी लावायला बंदी. बाहेरच्या माणसाला जमीन विकायला बंदी. नियमांची ही यादी म्हणजे एकापाठोपाठ एक 'नाही' आहेत. कुणीही कितीही खोदकाम करू शकतं, यंत्र असलं की चार दिवसांत होतं. पण ज्याच्या विहिरीला नुकतं पाणी लागलंय त्या शेतकऱ्याला 'ऊस लावायचा नाही' असं सांगणं, आणि त्यानं ते वर्षानुवर्षं ऐकणं, ही हिवरे बाजारची खरी कथा आहे. बहुतेक यशोगाथांमध्ये ती एका ओळीत उरकते : 'तसेच गावात ऊसबंदी करण्यात आली.' करण्यात आली! कोणी केली, कोण चिडलं, ग्रामसभा किती वेळ चालली, कोण उठून गेलं, कोणाची समजूत कशी घातली, काही नाही. कर्मणी प्रयोगानं सगळं नाट्य गिळून टाकलं.

हा 'नाही' एवढा महत्त्वाचा का, हे बघायला मी एक ढोबळ हिशेब केला. तुम्हीही फोनच्या कॅल्क्युलेटरवर करू शकता. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १० घनमीटर पाणी होतं, म्हणजे १० हजार लिटर. ४०० मिलिमीटरचे हेक्टरी ४,००० घनमीटर. गुणिले ९७६ हेक्टर, साधारण ३९ लाख घनमीटर. वाचायला प्रचंड वाटतं. पण हा दख्खनचा काळा पाषाण आहे. राज्याची सुमारे ८२ टक्के जमीन याच बेसॉल्टवर आहे, आणि पाणी धरून ठेवायला हा दगड कंजूष. वरचा मुरमाड, झिजलेला थर आणि खाली कुठे फटी असतील तेवढीच जागा. पडलेल्या पावसातला दहावा हिस्सा मुरला असं धरू. म्हणजे ३ लाख ९० हजार घनमीटर. आता ऊस. सऱ्यांमधून मोकळं पाणी सोडून घेतलेल्या उसाला हेक्टरी ढोबळ २० हजार घनमीटर लागतं. भागाकार करा : साडेएकोणीस हेक्टर. पन्नास एकरही नाही.

म्हणजे अख्ख्या गावाच्या भूजलात दहा-बारा शेतकऱ्यांचा ऊस. पिण्याला थेंब शिल्लक न ठेवता.

पुढचं गणित जास्त बोचरं आहे. समजा श्रमदान केलं, सगळा डोंगर चरांनी बांधून काढला आणि मुरणारं पाणी दुप्पट झालं. दुप्पट म्हणजे फार मोठं यश. मग किती ऊस? ३९ हेक्टर. गावानं रक्त आटवून मिळवलेलं सगळं पाणी आणखी दहा-बारा जण एका हंगामात पिऊन टाकू शकतात. कुणी म्हणेल, ठिबकवर घ्या. घ्या, पाणी निम्मं धरा. मग चाळीसच्या जागी ऐंशी हेक्टर. ९७६ मधले ऐंशी. हे आकडे कुठल्या शास्त्रज्ञाचे नाहीत, माझे ढोबळ आहेत, आणि दगड गावागणिक बदलतो. पण त्यांचा कल कुठल्याही रिंगणात तोच राहतो : मुरवण्याला मर्यादा आहे, उपशाला तसं काही आडवं येत नाही. म्हणून खोदण्याची गोष्ट ही फार तर अर्धी गोष्ट, आणि तीही सोपी अर्धी.

हिवरे बाजारात या दुसऱ्या अर्ध्याला एक वाङ्मयप्रकार सापडला आहे, आणि मला तो यशोगाथेपेक्षा सरस वाटतो. पाण्याचा ताळेबंद. या वर्षी पाऊस किती पडला, त्यातलं हाताशी किती, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती, मग उरलं त्यात खरीप किती, रब्बी किती. ग्रामसभेपुढे वाचला जातो. पाऊस कमी झाला त्या वर्षी रब्बीचं क्षेत्र कमी. यात विशेषणं नसतात, पार्श्वसंगीत नसतं. पण एका ओळीत 'या वर्षी उन्हाळी पीक नाही' असं लिहिलेलं असेल तर त्या ओळीमागे घरं असतात, कुणाचं लग्न पुढे गेलेलं असतं, कुणाची कांद्याची लावण राहिलेली असते. एक चांगला कथाकार या ओळीतून काय काढेल! आपण मात्र ताळेबंदाचा फलक फोटोत मागे ठेवतो आणि पुढे फेटा बांधलेले पाहुणे उभे करतो.

यशोगाथेचा खलनायक कोण? दुष्काळ, किंवा दारू, किंवा गावातले गटतट, किंवा नुसता आळस. या सगळ्यांवर एकजुटीनं मात करता येते, म्हणून ते गोष्टीला सोयीचे. खलनायक कधीच शेजारच्या बांधावरचा चारशे फूट बोअर नसतो. भूजलाचा २००९चा कायदा शेतीच्या विहिरीच्या खोलीला ६० मीटरची मर्यादा घालतो, म्हणजे साधारण दोनशे फूट. बोअरच्या गाडीवाल्याला दोनशे फुटांवर थांबतोस का म्हणून विचारून बघा. हसेल. हा कायदा मी आजवर एकाही यशोगाथेत पाहिलेला नाही. कायदा आला की गोष्टीत तलाठी येणार, तहसीलदार येणार, वीजजोडणी येणार, ज्याच्याकडे जास्त अश्वशक्तीची मोटार तो येणार. गोष्टीचा सगळा गोडवा जाईल.

या गोडव्याचा हिशेब मात्र पाणी न मिळालेल्या गावांना भरावा लागतो. पाणी हे एकजुटीचं बक्षीस असेल, तर ज्या गावात पाणी नाही तिथले लोक भांडखोर, आळशी, दारुडे. हे कुणी लिहीत नाही, पण रीलखालच्या प्रतिक्रियांमध्ये सरळ लिहिलेलं असतं : 'ते करू शकतात तर तुम्ही का नाही?' ज्या गावाच्या वरच्या अंगाला डोंगरच नाही, जिथला ओढा दुसऱ्या गावच्या बंधाऱ्यानं आधीच बांधला, त्या गावातल्या पोरानं याला काय उत्तर द्यावं?

पानी फाउंडेशनच्या वॉटर कपचा उल्लेख टाळता येणार नाही. या प्रकाराला आजचं दृश्यरूप त्यानंच दिलं. २०१६ला तीन तालुके, २०१८पर्यंत ७५. ४५ दिवसांची स्पर्धा, गुण, विजेते, टीव्हीवरचा कार्यक्रम, अजय-अतुलचं गाणं. हजारो माणसं उन्हातान्हात डोंगरावर गेली, शहरातली पोरं सुट्टी काढून गेली, आणि ते खोटं नव्हतं. माझा आक्षेप कामाला नाही, स्पर्धेच्या व्याकरणाला आहे. ४५ दिवसांत खोदलेले घनमीटर मोजता येतात. उपसा न केलेलं पाणी ४५ दिवसांत मोजता येत नाही. त्यामुळे गोष्टही घनमीटरची झाली. हे आयोजकांच्याही लक्षात आलं असावं. २०२०मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या 'समृद्ध गाव' स्पर्धेत खोदकामाच्या पुढे जाऊन पाण्याचा वापर, गवत, झाडं, मातीचा कस असे विषय होते. तिची गाणी मात्र कुणाच्या ओठांवर बसली नाहीत. ताळेबंदावर तुफान येत नाही, हे खरंच आहे.

सरकारी बाजूची यशोगाथा म्हणजे जलयुक्त शिवार. तिच्यावर सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च होऊनही भूजल वाढवण्यात आणि टंचाई हटवण्यात तिचा परिणाम तोकडा राहिला, असं महालेखापरीक्षकांच्या अहवालानं २०२०मध्ये म्हटलं. त्यावरून राजकारण झालं ते तुम्हाला आठवत असेल. मला त्यात रस नाही. दोन्ही बाजूंचा वाद पुन्हा खोदकामाबद्दलच होता : चर खरे की कागदावरचे, पोकलेनचं बिल किती. आपल्याकडे 'जाऊ तिथे खाऊ' नावाच्या सिनेमात एक माणूस विहीर चोरीला गेल्याची तक्रार करतो, त्याच जातीचा वाद. विहीर आहे की नाही? असली तरी तिच्यातून कोण काय उपसतो, हा प्रश्न सिनेमातही येत नाही आणि विधानसभेतही फारसा नाही.

आता एका चित्राबद्दल थोडं सविस्तर, कारण ते मला या सगळ्या प्रकारातलं सर्वांत फसवं चित्र वाटतं. शेततळं. ड्रोनमधून निळ्या काचेच्या तुकड्यासारखं दिसणारं, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. नगर-नाशिककडच्या कुठल्याही डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यावरून ड्रोन फिरवा, चौकोनच चौकोन. पाहणाऱ्याला वाटतं, किती पाणी साठवलंय. शेततळ्याची मूळ कल्पना पावसाचं वाहून जाणारं पाणी धरायची. ते वाहतं पाणी आत यायला वाट लागते, आणि तळाला कागद नसेल तर थोडं मुरतंही. पण कागद घातलेली, बांध उंच करून जमिनीच्या वर आणलेली अनेक तळी पावसानं भरतच नाहीत. ती विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यानं भरतात, पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच, विहिरींना पाणी असतं तेव्हा. म्हणजे जमिनीखाली सावलीत, सगळ्यांच्या वाट्याचं असलेलं पाणी वर उन्हात आणून एकाच्या मालकीच्या टाकीत भरायचं. तीस बाय तीस मीटरच्या, तीन मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर मावतं. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत त्यातलं मीटरभर पाणी नुसतं हवेत जातं. ज्यानं आधी उपसलं त्याचं तळं भरलं. ज्याची मोटार लहान त्याची विहीर डिसेंबरात तळाला.

त्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याची बाग तो तशीच जगवणार, मीही जगवली असती. २०१६पासून 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आहे, कागदाला अनुदान मिळवायच्याही वाटा आहेत. दोष चित्र वाचणाऱ्याचा. पाणी दिसतंय म्हणजे पाणी वाढलंय, असं आपण धरून चालतो. यशोगाथेचा सगळा डोलारा दिसणाऱ्या पाण्यावर उभा आहे, आणि भूजल ही तर न दिसणारी गोष्ट. म्हणून गावाची विहिरींची पातळी मोजणारी काठी कॅमेऱ्यात येत नाही आणि निळा चौकोन येतो.

दिसत नाही असं आणखी एक आहे. श्रमदानाच्या रांगेतले हात कुणाचे? चर डोंगरावर खोदले जातात, पाणी खाली ओढ्याकाठच्या विहिरींत वाढतं. ओढ्याकाठची जमीन कुणाची असते हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. आपल्या कायद्याच्या परंपरेत जमिनीखालचं पाणी जमिनीच्या मालकाचं. तेव्हा जिला एक गुंठाही नाही अशी बाई पंचेचाळीस दिवस घमेलं उचलते, आणि वाढलेलं पाणी दुसऱ्याच्या मोटारीतून दुसऱ्याच्या कांद्याला जातं. तिला काय मिळतं? प्यायचं पाणी जवळ येतं, हे फार मोठं आहे, हंड्याचा चढ वाचतो. शेतातली मजुरी वाढते, तेही खरं. पण पाण्यात वाटा? चराईबंदीचंही तसंच. झाडांसाठी ती हवीच, हिवरे बाजारात तिच्यामुळे गवत आलं आणि गवतामुळे दूध. गवत कापून न्यायचं, गाई-म्हशींना घालायचं. ज्याच्याकडे म्हैस नाही, चार शेळ्या आहेत, त्याच्या बाजूनं लिहिलेलं एक पान मला अजून वाचायचं आहे.

या प्रश्नाला सरळ भिडलेला एक प्रयोग शेजारच्या पुणे जिल्ह्यात झाला, आणि यशोगाथांच्या गर्दीत तो आज जवळजवळ विसरला गेला आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले. तिथून उभी राहिलेली पाणी पंचायत मला तिच्या नियमांसाठी वाचावीशी वाटते. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, आणि पाच माणसांच्या घराला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ऊस नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि भूमिहीनांनाही वाटा. हा शेवटचा नियम पुन्हा वाचा. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला शेतीच्या पाण्यात हिस्सा! तो स्वतःचं पाणी वापरायला कुणाची तरी जमीन वाट्यानं करेल, म्हणजे मालक त्याच्याकडे येईल. चार ओळींत गावाचं सगळं नातं उलटं केलं. मराठीत गेल्या पन्नास वर्षांत याहून क्रांतिकारक ग्रामीण गद्य फार थोडं लिहिलं गेलं असेल, आणि ते एखाद्या कादंबरीत नाही, नियमावलीत आहे. पुढे सगळीकडे ते टिकलं नाही. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, की माणशी अर्धा एकर कोण ऐकणार. पण का टिकलं नाही याची गोष्ट यशाच्या गोष्टीइतकीच वाचनीय आहे, फक्त ती यशोगाथेच्या साच्यात बसत नाही.

मग कादंबरी? तिथे आपण दुसऱ्या टोकाला जातो. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'त धरणग्रस्त आहेत, सदानंद देशमुखांच्या 'तहान'मध्ये पाणीटंचाई, 'बारोमास'मध्ये शिकलेल्या शेतकरी पोराची कोंडी. या कादंबऱ्यांना वाटपाचा प्रश्न नीट दिसतो. कोणाच्या पाण्यासाठी कोण उठलं, हे त्या विसरत नाहीत. पण त्यांच्यात माणसं हरतातच. हरण्याबद्दल माझी तक्रार नाही, बहुतेक वेळा तसंच होतं. पण यामुळे आपल्याकडे पाण्याच्या दोनच गोष्टी उरल्या. एक पुरवणीतली, जिच्यात सगळे जिंकतात. दुसरी पुरस्कारप्राप्त, जिच्यात सगळे बुडतात. अर्धं जमलं, तीन वर्षं नियम चालला, चौथ्या वर्षी सरपंचाच्याच चुलतभावानं बोअर घेतला, पाचव्या वर्षी पुन्हा ग्रामसभा भरली, अशी मधली गोष्ट कुणी लिहीत नाही. गावं बहुतेक याच मधल्या गोष्टीत जगतात.

नगरच्या वर्तमानपत्रांत तर या दोन गोष्टी एकाच अंकात भेटतात. आतल्या पानावर यशोगाथा. पहिल्या पानावर, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जायकवाडी. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात खोऱ्यातल्या सगळ्यांना समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे. त्यानंतर मेंढेगिरी समितीनं २०१३मध्ये सूत्र घालून दिलं : १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं. मग मोर्चे, रास्ता रोको, न्यायालय, 'आमचं हक्काचं पाणी पळवलं'. खाली मराठवाड्यातही तेच शब्द, फक्त 'आमचं' म्हणजे वेगळे लोक. भाषेकडे बघा. आतल्या पानावर पाणी म्हणजे संस्कार, पहिल्या पानावर पाणी म्हणजे मालमत्ता. आतल्या पानावर 'थेंब थेंब वाचवू', पहिल्या पानावर 'एक थेंबही देणार नाही'. आणि दोन्ही पानांवर ऊस हा शब्द शक्यतो टाळलेला. प्रवरेच्या पाटाखालचं आवर्तन कशाला जातं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणूनच बहुधा कुणी लिहीत नाही. काटकसर कोरडवाहू गावांनी शिकायची असते. पाटाखालच्या गावांत आदर्श गाव स्पर्धेचे पाहुणे कुणी नेत नाही.

हिवरे बाजारनं ऊस नाकारला आणि त्याच जिल्ह्यात कारखाने गाळपाचे आकडे वाढवत राहिले, या दोन वाक्यांमध्ये 'आणि' टाकणारी यशोगाथा मी शोधते आहे. रीलची चौकट गावाच्या शिवेवर संपते. पाणी काही शीव ओळखत नाही. भंडारदऱ्याच्या वर अकोल्यातल्या ठाकर-महादेव कोळ्यांच्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, ज्या धरणाच्या काठी त्या आहेत त्याचं पाणी खाली गेलेलं असतं. त्यांचंही रील होतं, हंड्यांचं. फक्त त्यात शेवटी ड्रोन वर जात नाही.

आणि पाथर्डी. या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसं निघतात. जोडप्याला 'कोयता' म्हणतात, एका कोयत्याची उचल किती यावर बोलणी होतात. पोरंबाळं, भांडी, शेळी, सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. जातात कुठे? जिथे पाणी आहे तिथे : प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात, त्यापलीकडे पश्चिम महाराष्ट्रात. सहा महिने तोडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्याही गावांत पाणलोटाची कामं झाली आहेत, बंधारे आहेत, श्रमदानही झालं आहे, कदाचित त्यांनीच केलेलं. त्या ट्रॉलीतल्या एखाद्या मुलीच्या हातात आज फोन असतोच. तिनं पाण्याची गोष्ट लिहायला घेतली तर ती कुठून सुरू करेल? भेगाळलेल्या जमिनीपासून नक्कीच नाही. मला वाटतं ती उसाच्या फडापासून सुरू करेल, जिथे पहाटे पायाखाली चिखल असतो आणि गावाकडे आई टँकरसाठी उभी असते.